बुरशीचे इरले

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बुरशीवर लेख लिहावा, याचे संपादक मंडळालाही नवल वाटले. परंतु या लेखाची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही, ती एका खतावणीवर झाली. आणि खतावणी हा तर आमचाच विषय!

आमचे किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. आजोबांच्या काळच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या मागच्या खोलीतील फडताळात ठेवलेल्या असतात. मागच्या श्रावणात एके दिवशी संततधार लागलेली असताना एक तरुण दुकानात आला. त्याचे वडील नुकतेच वारले होते. तो माझ्या बाबांना म्हणाला, "काका, आमच्या बाबांचे तुमच्याकडे काही देणे राहिले होते, असे ते शेवटी शेवटी सांगत होते. किती ते बघून सांगा, मला फेडायचे आहे." असा माणूस क्वचितच येतो. बाबांनी मला ती वही काढायला सांगितले. वही काढली, तर पुठ्ठ्यावर आणि कडांवर हिरवट-करडी बुरशी दाट पसरलेली! मी घाईघाईने ओले फडके घेऊन पुसू लागलो. पण फडक्यातून गळलेले पाण्याचे थेंब त्या बुरशीवर, अळूच्या पानावर राहावेत तसे गोल राहिले आणि ओघळून गेले. बुरशी काही भिजेना. उलट तिची भुकटी उडून नाकातोंडात गेली.

आजोबा पलंगावरून म्हणाले, "अरे, ओले फडके नको लावूस. ती भिजायची नाही, कागद मात्र भिजेल. ऊन पडेल तेव्हा वही उन्हात ठेव आणि मग कोरडीच झाड."

आजोबांचे म्हणणे खरे होते. मात्र माझ्या डोक्यात एक प्रश्न राहून गेला. बुरशी दमटपणातच वाढते. पाण्यावाचून ती जगू शकत नाही. मग जी पाण्यावर जगते तिलाच पाणी का लागू नये? मी हा प्रश्न आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना विचारला. त्यांनी मला हाकलून न देता दोन-तीन शोधनिबंध वाचायला दिले आणि अडलेले शब्द समजावून सांगितले. त्यातले जेवढे मला उमगले, तेवढे माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहे.

पाण्याची कातडी

आधी बुरशीची राहणी थोडक्यात पाहू. पावसाळ्यात ओंडक्यावर उगवते ती अळंबी काय (आमचे कन्नड भाषिक मित्र तिला 'अणबे' म्हणतात, शब्दही सख्खे भाऊ शोभावेत असे), किंवा लिंबावर येते ती हिरवी बुरशी काय, दोघींचे खरे शरीर म्हणजे अतिशय बारीक तंतूंचे जाळे. हे तंतू केसाहून किती तरी पट बारीक, साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही अरुंद असतात. ते लाकडात, भाकरीत, मातीत, जिथे ओल आणि अन्न असेल तिथे पसरतात, पाचकरस सोडतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. हा झाला संसाराचा पाण्यातील भाग. परंतु वंश वाढवायचा तर बीजाणू दूर गेले पाहिजेत आणि त्यासाठी वारा हवा. म्हणजे तंतूंना कधी ना कधी ओलाव्यातून डोके बाहेर काढून हवेत उभे राहावेच लागते.

येथेच अडचण येते. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी सोबती असतात, पण पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूने कोणीच नसते, म्हणून तो आत ओढला जातो. परिणामी पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या कातडीसारखा वागतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. विहिरीच्या पाण्यावर लांब पायांचे किडे न बुडता धावतात ते याच कातडीच्या जोरावर. आपल्या बोटाला ती जाणवत नाही. बुरशीच्या तंतूएवढ्या बारीक वस्तूला मात्र ती भिंतीसारखी असते. किड्याला जी वरून आत येऊ देत नाही, तीच तंतूला आतून वर जाऊ देत नाही.

पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचा हिशेब लागणार आहे.

शोध कसा लागला

बीजाणूंच्या अंगावर काही तरी विशेष आहे, याची चाहूल जुनी आहे. १९६० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही बुरश्यांच्या बीजाणूंवर बारीक काड्या शेजारी-शेजारी मांडल्यासारखी नक्षी दिसली. एखाद्या चटईचा तुकडा जवळून पाहावा तशी ती होती. १९७८ साली बीव्हर आणि डेम्प्सी या संशोधकांनी न्यूरोस्पोरा क्रासा या नारिंगी बुरशीचा एक बिघडलेला वाण तपासला. त्याचे बीजाणू सहज भिजत, एकमेकांना चिकटत आणि वाऱ्यावर नीट उडत नसत. त्या बीजाणूंवर काड्यांची नक्षीच नव्हती! या वाणाला 'सहज भिजणारा' अशा अर्थाचे इंग्रजी नाव होते. त्यातील अक्षरांवरून पुढे संबंधित जनुकाला आणि प्रथिनाला 'ईएएस' म्हणू लागले. गंमत अशी की, जे प्रथिन भिजू देत नाही त्याचेच नाव 'सहज भिजणारे' असे पडले. कर्ज बुडवणाऱ्याच्या नावावरून सावकाराची पेढी ओळखली जावी, तसाच हा प्रकार.

नक्षी दिसली, पण ती कशाची बनलेली आहे हे कळले ते नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात. तेथे योसेफ वेसेल्स आणि त्यांचे सहकारी स्किझोफायलम कम्यून या अळंबीचा अभ्यास करीत होते. ही अळंबी जगभर मेलेल्या लाकडावर उगवते. आपल्याकडेही पावसाळ्यात पडलेल्या फांद्यांवर पांढुरक्या, लवदार, लहान पंख्यांसारखी दिसते, आणि तिच्या खालच्या बाजूच्या पट्ट्या मधोमध चिरल्यासारख्या असतात. वेसेल्स यांचा प्रश्न वेगळाच होता. बुरशी हवेत तंतू उभारते आणि अळंबी धरते, त्या वेळी तिची कोणती जनुके जागी होतात? त्यांना अशी काही जनुके सापडली, की ती फार जोरात काम करीत होती आणि सर्वांची प्रथिने एकाच घराण्यातली होती. जनुक सापडले, पण त्यापासून बनणारे प्रथिन काही केल्या हाती लागेना. जमाखर्चात पैसे आल्याची नोंद स्पष्ट आहे आणि तिजोरी मात्र रिकामी, अशी स्थिती!

तिजोरी रिकामी नव्हती, तपासण्याची रीत चुकत होती. बहुतेक प्रथिने साबणासारख्या द्रव्याच्या गरम द्रावणात सुटी होतात. हे प्रथिन उकळत्या द्रावणालाही दाद न देता तंतूच्या भिंतीला चिकटून राहत होते. शेवटी ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल या तीव्र आम्लात ते सुटे झाले. १९९१ मध्ये या घराण्याला 'हायड्रोफोबिन' असे नाव मिळाले. ग्रीक भाषेत 'हायड्रो' म्हणजे पाणी आणि 'फोबॉस' म्हणजे भय. मराठीत 'जलभीरू प्रथिन' म्हणता येईल. पण पुढे दिसेल की, हे भय अर्धेच आहे.

त्याच गटातील हान व्होस्टेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली खरी चकित करणारी गोष्ट दाखवली. आम्लातून काढलेले प्रथिन वाळवून शुद्ध पाण्यात टाकले तर ते निमूटपणे विरघळते. पण त्या पाण्याला हवेचा स्पर्श मिळाला, म्हणजे भांडे नुसते हलवून बुडबुडे केले, तरी पाणी आणि हवा यांच्या सीमेवर तेच प्रथिन जमून त्याचा पापुद्रा होतो. आणि त्या पापुद्र्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तीच चटईची नक्षी! बुरशी नाही, तिची पेशी नाही, काचेच्या भांड्यात नुसते प्रथिन आणि पाणी. तरी चटई विणली गेली. तिला आम्लात सुटे करा, पुन्हा पाण्यात टाका, पुन्हा चटई तयार.

दोन तोंडांचे प्रथिन

हे कसे होते ते समजून घेण्यासाठी प्रथिनाची घडण पाहावी लागेल. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. काही मण्यांना पाणी आवडते, काहींना तेलासारखे पाणी वर्ज्य असते. पाण्यात ही माळ अशी गुंडाळली जाते की, तेलकट मणी आत दडतात आणि पाणीप्रिय मणी बाहेर राहतात. बहुतेक विरघळणाऱ्या प्रथिनांची ही रीत आहे.

हायड्रोफोबिनची माळ लहान, बहुधा शंभरेक मण्यांची असते. निरनिराळ्या बुरश्यांत बाकीचे मणी पुष्कळ बदलतात, पण एक गोष्ट कायम असते. ती म्हणजे सिस्टीन नावाचे आठ मणी, आणि तेही ठरलेल्या क्रमाने. या आठ जणांच्या गंधकाच्या दुव्यांनी चार जोड्या जुळतात. जणू माळेला आतून चार गाठी मारल्या आहेत. या गाठींमुळे प्रथिन घट्ट आवळलेले राहते आणि म्हणून आकार टिकवण्यासाठी सगळे तेलकट मणी आत कोंबण्याची त्याला गरज पडत नाही. त्यातले काही चक्क बाहेरच्या अंगाला उघडे राहतात. २००४ साली फिनलंडमधील संशोधकांनी ट्रायकोडर्मा रीसेई या बुरशीच्या एचएफबी-दोन या हायड्रोफोबिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली. तेव्हा त्याच्या पृष्ठभागापैकी सुमारे १२ टक्के भाग एकाच सपाट तेलकट ठिगळाचा असल्याचे दिसले. म्हणजे एका बाजूला पाण्याचे भय आणि बाकी अंगाला पाण्याची ओढ. याच्या वागण्यातील सारा चमत्कार या दुतोंडीपणातच आहे.

मुकादमाविना बांधकाम

आता अशा दुतोंडी रेणूला पाण्यात सोडले तर काय होईल? त्याच्या तेलकट ठिगळाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना मनासारखे हात धरता येत नाहीत. ही अवस्था दोन्ही पक्षांना तोट्याची आहे. हिंडता हिंडता तो रेणू पृष्ठभागापाशी पोचला की, ठिगळ हवेकडे आणि उरलेले अंग पाण्याकडे करून तो तेथेच स्थिरावतो. आता तोटा मिटला. दुसरा येतो, तिसरा येतो, आणि थोड्याच वेळात पृष्ठभागावर गर्दी होते. जागा मर्यादित, तोंडे सर्वांची एकाच दिशेला, आकार सर्वांचा सारखा. अशा वेळी शेजाऱ्याशी नीट जुळवून बसणे हीच सर्वांत कमी खर्चाची मांडणी ठरते.

आमच्या खानापूर भागातील कौले पाहा. प्रत्येक कौलाला खाच आणि कंगोरा असतो, म्हणून ती एकमेकांत बसतात आणि छप्पर पाणी धरत नाही. फरक इतकाच की, कौले बसवायला माणूस लागतो. येथे मुकादम नाही, गवंडी नाही, नकाशाही नाही. नकाशा कौलाच्या आकारातच आहे. शास्त्रज्ञ याला स्वयंरचना म्हणतात.

हायड्रोफोबिनचे दोन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गातील, म्हणजे ट्रायकोडर्मासारख्या बुरशीतील रेणू आपला मूळ आकार फारसा न बदलता शेजारी-शेजारी बसतात. एका रेणूएवढ्या जाडीच्या त्यांच्या थरात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी मांडणी आढळली आहे. हा थर मद्यार्काच्या किंवा साबणी द्रव्याच्या द्रावणात पुन्हा सुटा होतो. पहिल्या वर्गातील, म्हणजे स्किझोफायलमच्या एससी-तीन किंवा न्यूरोस्पोराच्या ईएएस या प्रथिनांची गोष्ट वेगळी. सीमेवर पोचल्यावर ही प्रथिने आपला घाटच बदलतात. माळेचा काही मोकळा भाग उलगडून शेजाऱ्याच्या तशाच भागाला समांतर पट्ट्यांनी जोडला जातो, त्याला तिसरा, त्याला चौथा, आणि सुमारे १० नॅनोमीटर रुंदीच्या लांब काड्या तयार होतात. काड्यांना काड्या लागून चटई बनते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ही चटई इतकी चिवट की, ती सोडवायला तीव्र आम्लच लागते.

या जोडणीचे एका भयंकर गोष्टीशी नाते आहे. अल्झायमरच्या आजारात मेंदूत प्रथिनांचे जे तंतू साचतात, त्यांचीही जोडणी अशीच समांतर पट्ट्यांची असते. आपल्याकडे जो बिघाड, तोच बुरशीने कामाला लावला आहे. मग पेशीच्या आतच ही जोडणी होऊन बुरशीचा घात का होत नाही? याचे उत्तर त्या चार गाठींत आहे. प्रयोगात एससी-तीनच्या गाठी सोडल्या तेव्हा ते प्रथिन सीमेची वाट न पाहता पाण्यातच जुळू लागले. म्हणजे गाठी जोडण्यासाठी नाहीत, योग्य जागा येईपर्यंत थोपवून धरण्यासाठी आहेत. अशी कुलपे आपल्या व्यवहारातही हवीत, असे मला वाटून गेले.

भिंत पार होते

आता मघाचा हिशेब पूर्ण करू. पाण्यात वाढणारा स्किझोफायलमचा तंतू आपल्या टोकातून एससी-तीनचे सुटे रेणू बाहेर सोडतो. ते पृष्ठभागावर जमतात, आणि पाण्याचा पृष्ठताण ७२ वरून सुमारे २४ पर्यंत खाली येतो. म्हणजे तृतीयांश! कातडी ढिली झाली आणि तंतू तिच्यातून वर आला. १९९९ साली व्होस्टेन यांच्या गटाने दाखवले की, एससी-तीनचे जनुक निकामी केलेली बुरशी पाण्यातच राहते, तिला हवेत नीट तंतू उभारता येत नाहीत.

वर आल्यावरही तंतू हे प्रथिन सोडत राहतो. आता सीमा असते ती तंतूची ओली भिंत आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये. तेथे पापुद्रा बनतो. त्याचे पाणीप्रिय तोंड आत भिंतीकडे आणि जलभीरू तोंड बाहेर. या बाहेरच्या तोंडावर पाण्याचा थेंब टेकला तर तो सुमारे ११० अंशांचा कोन करून उभा राहतो, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावरील टेफ्लॉनच्या तोडीचा. माझ्या वहीवरचे थेंब का ओघळले, ते येथे उलगडले. भातलावणीच्या बाया डोक्यावरून इरले घेऊन वाकतात. पाऊस पाठीवरून वाहून जातो आणि पाय मात्र चिखलात असतात. बुरशीही तशीच आहे. पाय ओलीत, पाठीवर इरले.

ज्यांना हे स्वतः पाहायचे असेल त्यांनी नाकाला रुमाल बांधून, हिरवी बुरशी आलेल्या लिंबावर हळूच पाण्याचा एक थेंब सोडावा आणि नंतर साबण घातलेल्या पाण्याचा. पहिला गोल उभा राहील, दुसरा पसरेल. साबणाने पापुद्रा विरघळलेला नसतो. पाण्याचाच पृष्ठताण उतरलेला असतो.

आणि किती थोड्या मालात हे काम होते! एससी-तीनचा पापुद्रा सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा असतो. घनता पाण्याइतकी धरून मी ढोबळ हिशेब केला, तर एका ग्रॅममध्ये १०० चौरस मीटर जागा झाकता येईल असे उत्तर आले. म्हणजे हजार चौरस फुटांहून जास्त. आमचे दुकान, मागची खोली आणि माडी मिळूनही तेवढी होत नाही.

भातावरचा करपा

येथपर्यंतची हकीकत कुतूहलाची होती. पण वाचता वाचता एका ठिकाणी मी थांबलो, कारण तेथे भाताचे नाव आले.

माझ्या मामांची खानापूर तालुक्यात भातशेती आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन पोटरीच्या वेळी ढगाळ हवा राहिली आणि शेतात करपा आला. पानांवर मधे राखाडी, कडेला तपकिरी असे दोन्ही टोकांना निमुळते ठिपके पडले. मग लोंबीची मान काळी पडून लोंब्या मोडल्या. निम्मे दाणे पोचट निघाले. सोसायटीचे कर्ज त्या वर्षी फिटले नाही, आणि मामेबहिणीचे कॉलेज एक वर्ष लांबणीवर पडले. मराठीत याला करपा म्हणतात, कन्नडमध्ये 'बेंकी रोग', म्हणजे आगीचा रोग. दोन्ही भाषांना शेत जळाल्यासारखेच दिसले.

करप्याची बुरशी मॅग्नापोर्थे ओरायझी. भाताचे पान स्वतःच मेणचट असते, त्यावर पाणी ठरत नाही. अशा निसरड्या पानावर बुरशीचा बीजाणू चिकटतो, रुजतो आणि आपल्या कोंबाच्या टोकाला घुमटासारखी एक पेशी बनवतो. त्या घुमटात सुमारे ८० वातावरणांइतका दाब निर्माण होतो. मोटारीच्या चाकातील दाबाच्या तीस-चाळीस पट! त्या दाबाने एक बारीक खुंटी पानात घुसते. १९९३ साली टॅलबट, एबोल आणि हॅमर यांनी या बुरशीतील एमपीजी-एक हे जनुक शोधले. त्यापासून बनते ते प्रथिन हायड्रोफोबिनच आहे. ते जनुक काढून टाकले तर घुमट फार कमी बनतात आणि रोगाचा जोर पुष्कळ उतरतो. एरवी हे प्रथिन पानाच्या मेणावर पापुद्रा धरते. येथे तोंडे उलटी होतात: जलभीरू तोंड मेणाकडे, पाणीप्रिय तोंड बुरशीकडे. निसरड्या भिंतीवर आधी गिलावा करावा आणि मग त्यावर बांधकाम उभारावे, तशी ही युक्ती आहे.

मी हे मामांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे ती आपल्याहून हुशार आहे तर. मग औषध निघाले का त्याच्यावर?" या एका प्रथिनाला अडवून करपा थांबवणारे, शेतकऱ्याने दुकानातून आणावे असे औषध मला वाचनात आढळले नाही. पण शत्रू कोठे पाय रोवतो हे समजणे ही औषधाची पहिली पायरी आहे, इतके मी त्यांना सांगू शकलो. सध्या तरी रोगाला सहज बळी न पडणारे वाण लावणे, नत्रखत बेताने देणे आणि रोगट अवशेष शेतात न ठेवणे, हेच मार्ग.

श्वासातले बीजाणू

हवेत बुरशीचे बीजाणू सदैव तरंगत असतात आणि आपण रोज ते शेकड्यांनी श्वासावाटे आत घेतो. मग आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा सतत खवळलेली का नसते? २००९ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील व इतर संशोधकांनी याचे उत्तर दिले. ॲस्परजिलस फ्यूमिगेटस या बुरशीच्या बीजाणूंवर रॉड-ए या हायड्रोफोबिनचा पापुद्रा असतो. तो असेपर्यंत आपल्या संरक्षक पेशींना बीजाणूची ओळखच पटत नाही. तो काढून टाकला, किंवा बीजाणू रुजू लागून तो फाटला, की पेशी जाग्या होतात. म्हणजे हे इरले पावसापासून तर राखतेच, शिवाय पहारेकऱ्यापासूनही लपवते. धडधाकट माणसाला या बीजाणूंचा सहसा त्रास होत नाही. पण दमेकरी, दुबळी फुप्फुसे असलेले, प्रतिकारशक्ती घटलेले यांनी बुरशी आलेल्या वस्तू झाडू नयेत, हे त्यावरून ध्यानात घ्यावे. (२०२१ साली बोलबाला झालेली 'काळी बुरशी' ही मात्र वेगळ्या कुळातली होती.)

नफ्या-तोट्याची बाजू

वाणिज्याचा विद्यार्थी असल्याने बाजारात याचे काय, हे पाहिल्यावाचून राहवले नाही. आधी तोटा. युरोपात बिअर तयार करणाऱ्यांना एक जुनी डोकेदुखी आहे: काही वेळा बाटली उघडताच, न हलवताही, अर्धी बिअर फसफसून बाहेर येते. फिनलंडमधील संशोधकांनी दाखवले की, बार्लीवर वाढलेल्या फ्युझेरियमसारख्या बुरशीची हायड्रोफोबिने याला कारण होतात. विरलेला वायू ज्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांभोवती जमतो, त्यांना हे पापुद्रे फुटू देत नाहीत.

आता नफा. जे बुडबुडा फुटू देत नाही ते फेसाला उत्तमच. दुसऱ्या वर्गातील हायड्रोफोबिनने केलेला फेस महिनोन्‌महिने टिकल्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले आहेत, आणि त्यामुळे आइस्क्रीमसारख्या पदार्थांसाठी उद्योगांनी त्यात लक्ष घातले. टेफ्लॉनवर एससी-तीनचा थर दिला तर त्याला पाणी लागू शकते. उलट, काचेसारख्या पाणीप्रिय पृष्ठावर तो दिला तर पाणी दूर राहते. म्हणून शरीरात बसवायच्या वस्तूंवर आणि पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांवर असे थर देण्याचे प्रयत्न चालू आहेत. बीएएसएफ या जर्मन कंपनीने जीवाणूंकडून हायड्रोफोबिन मोठ्या प्रमाणावर बनवून घेतले. अडचण आहे ती अर्थात खर्चाची. साबणासारखे स्वस्त द्रव्य जे काम साधारणपणे करते, ते अधिक चांगले करण्यासाठी गिऱ्हाईक किती जादा मोजील? हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. तेथे आमच्या शाखेचे काम लागेल.

शेवटी खतावणी

ऊन पडल्यावर वही अंगणात ठेवली. दोन दिवसांनी नाकाला रुमाल बांधून मी ती वाऱ्याच्या पाठीमागे उभा राहून मऊ ब्रशाने झाडली. पाने कडेला खाल्लेली होती, पण आकडे शाबूत होते. त्या तरुणाच्या वडिलांच्या खात्यावर १,१४० रुपये निघत होते. तो रक्कम घेऊन आला, तेव्हा बाबांनी त्यातले हजार परत त्याच्या हातात ठेवले आणि १४० घेऊन खाते बंद केले. "त्याच्या मनाला शांती, आपल्या वहीला शांती," एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून जुन्या वह्यांची नक्कल करण्याचे काम माझ्याकडे आहे, आणि फडताळ भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे.

मित्रहो, माझे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. हे निबंध वाचताना एकेका परिच्छेदाला संध्याकाळ गेली. पण 'पृष्ठताण' हा शब्द मी सातवी-आठवीत मराठीतच शिकलो होतो, आणि त्याच शब्दाचे बोट धरून इथवर येता आले. कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र हाच विषय कन्नडमधून लिहायचे म्हणतो आहे. त्याच्या घरच्या वहीलाही म्हणे याच श्रावणात 'बूष्टु' आली होती. वाणिज्याच्या वर्गातून प्रयोगशाळेपर्यंत एक जिनाच आहे. तो चढायला कोणी मनाई केलेली नाही.